पेज सगळ्यांचं, फोन एकीचा

पुण्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलचं गेट रात्री ८.३० ला बंद होतं. मुलांच्या होस्टेलचं १०.३० ला. अभ्यासिका ९ पर्यंत उघडी असते, पण शेवटचा अर्धा तास तिथे होस्टेलची एकही मुलगी बसू शकत नाही. उशीर झाला की वॉचमनच्या टेबलावरच्या वहीत सही करायची. तीन सह्या झाल्या की रेक्टर घरी फोन लावतात. त्या वहीत ‘उशिराचे कारण’ असा दोन बोटं रुंदीचा रकाना आहे आणि त्यात वरपासून खालपर्यंत ‘बस’, ‘बस’, ‘ट्रॅफिक’, ‘बस’ असंच लिहिलेलं असतं. खरं कारण चालत नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळतं.

कॉलेजमधल्या सात मुली आणि एक मुलगा मिळून इन्स्टाग्रामवर एक स्त्रीवादी पेज चालवत होते. त्यांनी या वहीवर ४२ सेकंदांचं रील केलं. पुढच्या चार दिवसांत जे घडलं, त्याचा हा अभ्यास.

हे प्रकरण कोणत्याही एका कॉलेजचं नाही. कॉलेजच्या मुलामुलींच्या ऑनलाइन छळात पुन्हा पुन्हा दिसणारे दुवे जोडून ते रचलं आहे. त्यामुळे माणसांना नावं नाहीत आणि प्रसंगातले आकडे प्रसंग कळण्यापुरते आहेत. कायदे, मुदती आणि ॲपमधल्या सोयी मात्र खऱ्या आहेत.

कोण कोण होतं

पेज दोन वर्षांपूर्वी कोथरूडला राहणाऱ्या एका मुलीने स्वतःच्या मोबाइल नंबरवर सुरू केलं होतं. नंतर बाकीचे जोडले गेले, पण लॉगिन तिच्याच फोनवर राहिलं. पासवर्ड सगळ्यांना दिला तर कुणीतरी काहीतरी टाकेल, ही भीती दोन्ही बाजूंना होती. रीलमध्ये दिसणारी मुलगी यवतमाळ जिल्ह्यातली, घरात कॉलेजला जाणारी पहिली. म्हणजे चेहरा एकीचा, फोन दुसरीचा आणि पेज आठ जणांचं. हल्ला झाला तेव्हा तो आठ जणांवर वाटला गेला नाही, या दोघींवरच येऊन पडला. पुढचं बहुतेक नुकसान या एका गोष्टीतून झालं असं आमचं मत आहे. ट्रोल तर येणारच होते.

रीलमध्ये ती म्हणते, “मले रात्रीचं फिराचं नाही, मले वाचाचं हाये.” गुरुवारी संध्याकाळी रील गेलं. पहिल्या रात्रीच्या कमेंट्स दुसऱ्या होस्टेलच्या मुलींच्या होत्या: ‘आमच्याकडे साडेसात’, ‘आमच्याकडे रविवारी पण सही’. शुक्रवारी दुपारी एका मीम पेजने त्यातले नऊ सेकंद कापून घेतले आणि कात्री ‘फिराचं’ या शब्दानंतर चालवली. ‘नाही’ गेलं. मागे राहिलं ते “मले रात्रीचं फिराचं”, वर हसण्याचा आवाज. बहुतेक लोकांनी पाहिलं ते हेच.

कमेंट्समध्ये काय होतं

दुरून सगळा एकच चिखल दिसतो, वाचायला बसलं की तीन वेगळे प्रवाह दिसतात.

पहिला उपदेशाचा. ‘ताई, आईबापांनी शिकायला पाठवलंय’, ‘माझी मुलगी असती तर मीही आठलाच बोलावलं असतं.’ यात काळजी करणारे पालक होते, इतर मुलीही होत्या. पेजने यांनाही टोमणे मारून उत्तरं दिली, आणि ती चूक होती. ऐकून घेण्याची शक्यता फक्त याच लोकांत होती. ‘अभ्यासिका ९ पर्यंत आहे, मुलांचं गेट १०.३० चं आहे’ एवढं एक वाक्य पिन केलं असतं तरी बरंच काम झालं असतं. इन्स्टाग्रामवर तीन कमेंट्स पिन करता येतात. इथे एकही केली नव्हती.

दुसरा प्रवाह बोलीचा आणि जातीचा. ‘आधी शुद्ध बोलायला शिक.’ मग आडनावावरून, मग आरक्षणावरून.

तिसरा लैंगिक शिवीगाळीचा. त्यातला मोठा भाग डीएममध्ये, खासगी मेसेजमध्ये, येत होता, म्हणजे इतर कुणाला दिसत नव्हता. कोथरूडच्या मुलीने दोन रात्री नोटिफिकेशन चालू ठेवून ते सगळं एकटीने वाचलं, कारण फोन तिच्या हातात होता. गटातल्या मुलालाही ‘सिम्प’ आणि ‘बायकांचा बैल’ ऐकावं लागलं. पण त्याला बलात्काराची धमकी आली नाही. हा फरक आधी लक्षात घेतला असता तर डीएम चाळण्याचं काम त्याच्याकडे देता आलं असतं, आणि पुढे तसंच करण्यात आलं.

वारंवार आलेली एक कमेंट: ‘हिंमत असेल तर नावाने बोला.’ पेजवर कुणाचंही नाव नव्हतं. मुलींना हा प्रश्न लागला, आपण भित्र्या आहोत असं वाटू लागलं. १८८५ साली रखमाबाईंनी बालविवाहाविरुद्ध मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाला पत्रं लिहिली ती ‘एक हिंदू स्त्री’ अशा टोपणनावाने. नाव झाकून बोलणं हा आपल्याकडच्या बायकांचा जुना आणि रास्त मार्ग आहे, त्याची लाज बाळगण्याचं कारण नाही. प्रश्न फक्त तो पडदा नीट शिवला आहे का, एवढाच.

पडदा कुठे उसवला होता

कुणी काही हॅक केलं नाही. पेज खासगी नंबरवर उघडलेलं होतं आणि कॉन्टॅक्ट सिंक चालू होतं, त्यामुळे ज्यांच्या फोनमध्ये तो नंबर होता त्यांना पेज सुचवलं जाण्याचा रस्ता उघडा होता. पहिले तीसेक फॉलोअर एकाच वर्गातले होते. रीलमध्ये दोन सेकंद गेटवरची पाटी दिसत होती, मुलीच्या अंगात विभागाचा टी-शर्ट होता. आणि दोन वर्षांपूर्वीच्या एका पोस्टखाली कुणीतरी तिला टोपणनावाने हाक मारली होती. एवढे धागे जुळवायला शोधणाऱ्याला अर्धा दिवसही लागला नसेल. शुक्रवारी रात्री रीलमधल्या मुलीचं नाव, वर्ष आणि विभाग कमेंटमध्ये आला. शनिवारी रात्री एका टेलिग्राम चॅनेलवर तिच्या चेहऱ्याचं बनावट नग्न चित्र आलं.

असं पेज सुरू करायचं असेल तर वेगळा ईमेल वापरावा, नंबर जोडू नये, कॉन्टॅक्ट सिंक बंद करावं आणि आपलं अकाउंट इतरांना सुचवण्याची सेटिंग बंद करावी. फॉलोअर आणि टॅग झालेल्या जुन्या पोस्ट महिन्यातून एकदा चाळाव्यात. दोन टप्प्यांची पडताळणी लावताना एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप घ्यावं आणि बॅकअप कोड कागदावर लिहून दोन जणींकडे ठेवावेत, म्हणजे लॉगिन एकाच फोनमध्ये अडकून पडत नाही.

शनिवारची रात्र

चित्र दिसल्यावर रात्री अकराच्या सुमारास घाबरून मूळ रील डिलीट करण्यात आलं. सगळ्यात आधी सुचणारी गोष्ट हीच असते आणि पुढे सगळ्यात महाग पडते तीही हीच. रीलखाली शेकडो कमेंट्स होत्या, त्यात नाव उघड करणारी पहिली कमेंटही होती. अर्काइव्ह केलं असतं तर रील लोकांना दिसलं नसतं आणि कमेंट्स जशाच्या तशा राहिल्या असत्या. डिलीट केलेलं रील ‘रिसेंटली डिलीटेड’मधून ३० दिवसांत परत आणता येतं, हे सोमवारी कुणीतरी सांगितलं. तोवर शिव्या देणाऱ्यांपैकी काहींनी हँडल बदललं होतं, काहींनी अकाउंटच बंद केलं होतं.

दुसरी चूक रात्री एक वाजता झाली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. ‘हे आहेत ते’ अशी स्टोरी टाकून अकरा हँडल्स, त्यांच्या मागच्या मुलांची नावं आणि वर्ग जाहीर केले गेले.

या पिढीला नाव जाहीर करण्याची भाषा ऑक्टोबर २०१८ मधल्या मीटूने, म्हणजे लैंगिक छळ जाहीरपणे सांगण्याच्या मोहिमेने दिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये पत्रकार प्रिया रमाणी यांना मानहानीच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने निर्दोष ठरवलं, हेही या मुलींना माहीत होतं. पण रमाणी स्वतःवर बेतलेलं स्वतःच्या नावाने सांगत होत्या. इथे एक बिननावाचं पेज दुसऱ्यांची नावं अंदाजाने जोडत होतं. अकरापैकी एक अकाउंट बनावट निघालं. एका मुलाचा फोटो लावून, हँडलमध्ये एक जादा अंडरस्कोर घालून ते दोनच दिवसांपूर्वी काढलं होतं. बऱ्याच अकाउंटांवर तीन टिंबांमध्ये ‘अबाउट धिस अकाउंट’ असतं. तिथे अकाउंट कधी सुरू झालं आणि हँडल किती वेळा बदललं ते दिसतं. ते कुणी उघडून पाहिलं नाही.

ज्याचा फोटो होता त्या मुलाला रात्रभर शिव्या पडल्या. सोमवारी त्याचे वडील कॉलेजात आले, मानहानीच्या तक्रारीची भाषा करत. भारतीय न्याय संहितेत तो कलम ३५६ खालचा गुन्हा आहे. कॉलेजची पहिली नोटीस निघाली ती या पेजला. छळाची तक्रार तोपर्यंत कुणी लेखी दिलेलीच नव्हती, त्यामुळे कार्यालयाच्या फाइलीत पहिला कागद मुलींच्या विरोधातला लागला. स्टोरी २४ तासांत गेली, तिचे स्क्रीनशॉट राहिले.

घर

रविवारी सकाळी सात वाजता नऊ सेकंदांची क्लिप यवतमाळला नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोहोचली. काकांचा निरोप आला: सामान बांध.

बाहेरगावाहून आलेल्या मुलीसाठी छळाचा खरा घाव इथे बसतो. पोलीस, कायदा, ॲप हे सगळं नंतरचं. शिक्षण थांबण्याचा निर्णय एका फोनवर होतो. म्हणून वाद पेटल्याचं कळताच पहिल्या काही तासांत घरच्या कुणा एका माणसाला, जिच्याशी किंवा ज्याच्याशी मोकळं बोलता येतं अशाला, आधी पूर्ण व्हिडिओ पाठवावा आणि मग फोन करावा. बनावट चित्राबद्दल सांगायचं असेल तर ‘माझा फोटो आलाय’ असं म्हणू नये. ‘माझ्या चेहऱ्याचं खोटं चित्र कुणीतरी बनवलंय, आम्ही तक्रार करतोय’ असं एका दमात म्हणावं. पहिल्या वाक्यानंतर पुढचं कुणी ऐकून घेत नाही.

इथे विभागातल्या एका बाईंनी मुलीच्या आईला फोन केला. आईने बेचाळीस सेकंदांचं पूर्ण रील त्याच ग्रुपवर टाकलं, सोबत काहीही न लिहिता. काकांनी पुन्हा निरोप पाठवला नाही.

सोमवारपासून

पुरावा आधी, तक्रार नंतर, उत्तर सगळ्यात शेवटी. हा क्रम बदलला की काम बिघडतं.

स्क्रीनशॉटमध्ये हँडल, मजकूर आणि तारीख एकाच चौकटीत यायला हवेत. ॲप ‘३ दिवस’ असं मोघम दाखवतं. संगणकावर ब्राउझरमध्ये त्यावर कर्सर नेला की तारीख दिसते. प्रोफाइलची लिंक वेगळी कॉपी करायची, कारण नाव आणि फोटो काय वाटेल ते असू शकतं. टेलिग्रामवर त्या संदेशाची स्वतःची लिंक निघते, शेवटी आकडा असलेली, ती घ्यायची. ‘व्ह्यू वन्स’ने आलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट निघत नाही, तो दुसऱ्या फोनने टिपावा. स्क्रीन रेकॉर्डिंग करताना प्रोफाइलपासून सुरुवात करून कमेंटपर्यंत जावं, मध्ये थांबू नये. हे सगळं एका तक्त्यात: क्रमांक, तारीख-वेळ, लिंक, हँडल, काय म्हटलं, फाइलचं नाव, कुणी टिपलं. शेवटचा रकाना लोक गाळतात. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि कुठल्या उपकरणातून कुणी काढलं हे तेव्हा सांगावं लागतं. मूळ फाइल व्हॉट्सॲपवरून फिरवू नये, दर्जा घटतो. ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हमध्ये ठेवावी.

बनावट चित्राची ॲपकडची तक्रार पेजच्या अकाउंटवरून ‘स्पॅम’ म्हणून गेली होती. म्हणून काही झालं नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत नग्नता किंवा मॉर्फ (फेरफार) केलेल्या चित्राबद्दल त्या व्यक्तीने, किंवा तिच्या वतीने कुणी, तक्रार केली तर ते हटवण्याची जबाबदारी प्लॅटफॉर्मवर टाकली आहे; मुदत आधी २४ तासांची होती, फेब्रुवारी २०२६ पासून ती दोन तासांची आहे. तक्रार त्या व्यक्तीच्या नावाने, नेमका प्रकार निवडून, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. जोडीला स्टॉपएनसीआयआय ही सोय आहे, १८ वर्षांवरच्यांसाठी. चित्र कुठेही अपलोड होत नाही; आपल्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा बनतो आणि सहभागी प्लॅटफॉर्मकडे फक्त ठसा जातो. चित्र कापलं, रंग बदलला तर ठसा चुकू शकतो, म्हणून प्रत्येक आवृत्तीचा वेगळा ठसा द्यावा लागतो.

सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांविषयीच्या गुन्ह्यांचा वेगळा भाग आहे, तिथे तक्रार नोंदवून क्रमांक घेतला. १९३० हा हेल्पलाइन नंबर आर्थिक फसवणुकीसाठी आहे. त्यावर फोन करण्यात मुलींचे दोन तास गेले. मग पोलीस ठाणे. बनावट अश्लील चित्राला माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६७ आणि ६७अ, सतत पाठलाग करणाऱ्या मेसेजना न्याय संहितेचं कलम ७८, शिवीगाळीला ७९ लावता येतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, म्हणून तक्रार निरीक्षकांच्या नावे लिहावी. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असं ऐकू आलं तर झीरो एफआयआरची, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून घेण्याची, तरतूद आहे हे शांतपणे सांगावं. ठाण्यात जाताना दोघींनी जावं, एकीने बोलावं, दुसरीने लिहून घ्यावं.

कॉलेजातली वाट वेगळी. यूजीसीच्या २०१५ च्या नियमावलीप्रमाणे, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार देता येते, चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी असायला हवेत. तक्रारीची पोच घ्यावी, आवक क्रमांकासह. नोटीस पेजला निघाली तेव्हा मुलींकडे असा एकही क्रमांक नव्हता.

त्याच नियमावलीत आणखी एक वाक्य आहे आणि ते रीलमध्ये असायला हवं होतं: सुरक्षेचं कारण देऊन मुलींच्या होस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. बेचाळीस सेकंदांत त्रास सगळा आला, हक्क आला नाही. दोन आठवड्यांनी पेजने सहा स्लाइडची पोस्ट केली. त्यात दोन्ही गेटांच्या वेळा, हे वाक्य आणि आवक शिक्का मारलेला अर्ज होता. तिला रीलच्या मानाने फार कमी लोकांनी पाहिलं. कॉलेजने उत्तर दिलं ते या पोस्टला.

गटात काय तुटलं

रविवारी पेजने निवेदन काढलं, ‘आम्ही स्त्रीद्वेषाचा निषेध करतो.’ रीलमधल्या मुलीने ग्रुपवर विचारलं, “आन् जातीवरून बोलले त्याचं काय?” एक दिवस कुणी उत्तर दिलं नाही. त्या कमेंट्स ‘ट्रोलिंग’ म्हणून लपवून टाकल्या होत्या, तक्त्यात घेतल्याही नव्हत्या. पेजवरच्या बहुतेक मुलींना शिवी म्हणजे लैंगिक शिवी एवढंच दिसत होतं. आडनावावरची शिवी त्यांना स्वतःला कधी पडली नव्हती.

ती मुलगी ट्रोलांमुळे पेज सोडणार नव्हती, या एक दिवसाच्या गप्प बसण्यामुळे सोडणार होती. जात आणि स्त्रीत्व वेगळं काढून बोलता येत नाही, हे पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी वर्षानुवर्षं मांडलं. त्याच शहरातल्या मुलींना ते रीलच्या कॅप्शनमध्ये पाठ होतं आणि हातात फोन असताना सुचलं नाही. व्यावहारिक बाजूही आहे: अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा जाहीर जातीवाचक अपमान अत्याचार प्रतिबंधक कायद्यात बसू शकतो आणि त्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, पुणे शहरात सहायक आयुक्तांकडे जातो. पुरावा लपवला तर ही वाटच बंद होते. निवेदन बुधवारी बदललं, त्या कमेंट्स तक्त्यात आल्या आणि तक्रारीला जोडल्या गेल्या.

१८८२ साली ताराबाई शिंदे यांचं स्त्री-पुरुषांची तुलना करणारं पुस्तक पुण्यात छापलं गेलं तेव्हा त्यांच्यावर झोड उठली, आणि जोतीराव फुले यांनी त्यांची जाहीर बाजू घेतली. शिव्या खाणाऱ्या बाईच्या बाजूला कुणीतरी नावानिशी उभं राहणं किती मोलाचं, हे तेव्हाही असंच होतं.

आता काय चालू आहे

पेजचं काम वाटलं गेलं आहे. डीएम दिवसातून दोनदा, प्रत्येकी ४५ मिनिटं, दोघांनी मिळून वाचायचे. ज्याच्यावर हल्ला आहे त्याने वाचायचे नाहीत. रात्री नऊनंतर कुणी काही पोस्ट करायचं नाही, नाव घेणारं तर कधीच एकट्याने नाही. ठरावीक शब्द असलेल्या कमेंट्स आणि मेसेज लपवणाऱ्या ‘हिडन वर्ड्स’मध्ये शिव्यांची यादी भरली आहे. इथे एक अडचण येते: मराठी शिवी एकाच रूपात येत नाही. देवनागरी, रोमन, रोमनमध्ये स्वर गाळून, मध्ये टिंब किंवा आकडा घालून, अशा चार-पाच रूपांत प्रत्येक शब्द भरावा लागतो आणि दर महिन्याला नवे घालावे लागतात. गर्दी एकदम आली तर ‘लिमिट’ची सोय वापरून फॉलोअर नसलेल्यांच्या आणि नव्या फॉलोअरच्या कमेंट्स काही दिवस रोखता येतात. एकटा माणूस पुन्हा पुन्हा त्रास देत असेल तर ब्लॉकपेक्षा ‘रिस्ट्रिक्ट’ बरं. त्याच्या कमेंट्स इतरांना दिसत नाहीत, त्याला ते कळत नाही आणि पुरावाही येत राहतो.

तक्रार समितीसमोर दोन विद्यार्थी आले. त्यातला एक नऊ सेकंदांची क्लिप कापणारा. त्याने लेखी माफी दिली आणि पूर्ण रील आपल्या मीम पेजवर टाकलं. बनावट अकाउंट कुणी काढलं याचा तपास अजून चालू आहे. ज्या मुलाचा फोटो वापरला गेला त्याची पेजने जाहीर माफी मागितली, स्टोरीत नाही तर पोस्टमध्ये, म्हणजे ती राहील.

गेट आता आठवड्याचे पाच दिवस ९.३० ला बंद होतं, प्रायोगिक म्हणून, एका सत्रापुरतं. शनिवार-रविवार जुनीच वेळ. वही तशीच आहे, रकानाही तेवढाच अरुंद. मागच्या महिन्यातल्या एका शनिवारी त्यात कुणीतरी बारीक अक्षरात, ओळीबाहेर जात लिहिलं आहे: ‘अभ्यासिका’.